शुक्रवार ते रविवार: तीन रात्री कुठून आणल्या?

फालेतिया
बुधवार, सकाळ (तुझ्याकडे अजून मंगळवारच असेल)

प्रिय ताई,

प्रभूमध्ये तुझ्या धाकट्या भावाचा, मालाकीचा, सलाम. तुझ्या डाव्या गुडघ्याला (की उजव्या? मागच्या पत्रात तू डावा लिहिलास आणि फोनवर उजवा म्हणालीस) आता आराम असेल, भाऊजींच्या बोटीचं इंजिन सुरू झालं असेल आणि अंगणातले नीरफणस शेजाऱ्यांच्या आधी तुला मिळत असतील, अशी आशा करतो. आमच्याकडचं सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक काहीही नाही. माझा पाय सुजलेला आहे, गावानं मला दंड केला आहे, चर्चमधलं पुढचं बाक माझ्याकडून काढून घेतलं आहे, आणि माझी बायको तुझ्या घरी येऊन बसली आहे. तिनं तुला सगळं सांगितलं असेल (म्हणजे लिहून दाखवलं असेल, कारण तिचा आवाज बसलाय). ती तुला "वन्सं, वन्सं" करत मागे-मागे फिरत असेल आणि तू तिला कोको करून देत असशील. खुशाल दे. पण तू माझी सख्खी बहीण आहेस, म्हणून माझीही बाजू तुझ्यापर्यंत पोचावी, एवढ्यासाठी हे पत्र. तिला परत बोलावण्यासाठी मी लिहितोय, असा गैरसमज करून घेऊ नकोस. काल मी दोनदा फोन केला तेव्हा तू दोन्ही वेळा "झोपलीय" म्हणालीस. माणूस सकाळी अकरा वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता झोपलेला असू शकतो म्हणा.

तर सुरुवातीपासून सांगतो. जानेवारीत माझा अंगठा गाउटनं असा फुगला की कमरेच्या लावालावाच्या लुंगीची कड लागली तरी ब्रह्मांड आठवायचं. तीन आठवडे मी आडवा होतो. फेतुआओनं उशाला बायबल आणून ठेवलं आणि म्हणाली, "गुरुजी, नुसते कण्हू नका, वाचा." (ती घरातसुद्धा मला गुरुजीच म्हणते, तुला माहीत आहे. सगळं गाव म्हणतं, तीही म्हणते.) म्हणजे या प्रकरणाची सुरुवात तिनंच केली, हे तिला विचारून खात्री करून घे. मी मत्तयाच्या शुभवर्तमानापासून वाचायला घेतलं. बाराव्या अध्यायात आलो. तिथे प्रभू स्वतः सांगतो की, योना जसा तीन दिवस आणि तीन रात्री त्या मोठ्या माशाच्या पोटात होता, तसा मनुष्याचा पुत्र तीन दिवस आणि तीन रात्री पृथ्वीच्या पोटात राहील. हे वाक्य मी साठ वर्षं ऐकतोय. पण ताई, चौतीस वर्षं मी या गावच्या पोरांना गणित शिकवलं आणि या वाक्यातली बेरीज एकदाही करून पाहिली नव्हती, याची मला त्या दिवशी लाज वाटली. मी बोटं धरली. शुक्रवारी दुपारी तीनला प्रभूनं प्राण सोडला, संध्याकाळी त्याला थडग्यात ठेवलं. शुक्रवारची रात्र, एक. शनिवारची रात्र, दोन. रविवारी पहाटे थडगं रिकामं. मी पुन्हा मोजलं. मग पायाची बोटं (अंगठा सोडून) घेऊन मोजलं. दोनच रात्री. तिसरी रात्र कुठून आणली, हे जगातल्या कुठल्याही पाळकानं मला दाखवावं.

मी घाईनं मत बनवणारा माणूस नाही. मी फेब्रुवारीभर चारही शुभवर्तमानं समोर उघडी ठेवून वहीत रकाने आखले. आणि उत्तर सापडलं. योहान सांगतो की, वधस्तंभाच्या दुसऱ्या दिवशीचा शब्बाथ, तो विश्रांतीचा दिवस, हा मोठा शब्बाथ होता. म्हणजे आठवड्याचा, शनिवारचा नव्हे, सणाचा. तो कुठल्याही वारी येऊ शकतो. मार्क सांगतो की बायकांनी शब्बाथ संपल्यावर सुगंधी द्रव्यं विकत घेतली. लूक सांगतो की त्यांनी ती तयार करून मग शब्बाथाची विश्रांती घेतली. एकाच शब्बाथानंतर विकत घ्यायचं आणि त्याच शब्बाथाआधी तयार करायचं, हे तुझ्या-माझ्या आईलाही जमलं नसतं, आणि आपली आई किती कामाची होती ते तुला ठाऊक आहे. तेव्हा शब्बाथ दोन होते, मध्ये एक कामाचा दिवस होता, तो शुक्रवार, आणि प्रभूला क्रूसावर दिलं ते बुधवारी. बुधवारी सूर्यास्ताला थडगं, शनिवारी सूर्यास्ताला पुनरुत्थान. बहात्तर तास. बाकी शून्य. मला एवढा आनंद झाला की मी दुखऱ्या पायावर उभा राहिलो आणि लगेच बसलो.

हे मी पहिल्यांदा फेतुआओला सांगितलं. ती नारळाच्या दुधातल्या पालुसामीसाठी तारोची, अळूसारखी पानं निवडत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "त्या बायका अंधार असताना तेल घेऊन थडग्याकडे गेल्या, गुरुजी. त्यांनी रात्री मोजल्या असतील असं मला वाटत नाही." हा काय मुद्दा झाला? मी तसं म्हणालो, तर तिनं माझ्यापुढे पानांची टोपली सरकवली.

मग मी रीतसर मार्गानं गेलो. डीकनांच्या बैठकीत लेखी अर्ज दिला की, उत्तम शुक्रवारची उपासना या वर्षीपासून बुधवारी घ्यावी. आणि आता आपल्या पाळकाबद्दल लिहायची वेळ आली. एपेनेसा. तुला आठवतो का? शेंबडा, मागच्या रांगेत बसायचा, अपूर्णांकांत दोनदा नापास झाला. छेद वेगळे असताना वरचे अंक वर आणि खालचे अंक खाली मिळवून मोकळा व्हायचा. मीच त्याला मान धरून पुढच्या वर्गात ढकललं आणि आज तो पांढरा कोट घालून व्यासपीठावरून मला दिवस मोजायला शिकवतो. त्यानं माझा अर्ज शांतपणे वाचला (त्याची शांतता ही माझ्या रागाचं निम्मं कारण आहे) आणि म्हणाला, "गुरुजी, त्या काळी यहुदी लोक दिवसाचा तुकडासुद्धा पुरा दिवस धरायचे. शुक्रवारचा तुकडा एक, शनिवार दोन, रविवारचा तुकडा तीन. एस्तेर राणीनं तीन दिवस, रात्र आणि दिवस, उपास सांगितला आणि तिसऱ्याच दिवशी ती राजापुढे उभी राहिली." बघ. तुकडे. याचं लहानपणापासून तुकड्यांशी वाकडं आहे. मी म्हणालो, अरे, तुकडा हा पुरा असता तर तू अपूर्णांकांत नापास कशाला झाला असतास? बैठकीत हशा पिकला, पण मतदान झालं तेव्हा हसणाऱ्यांपैकी एकानंही माझ्या बाजूनं हात वर केला नाही. वर एपेनेसानं मला दारापर्यंत पोचवताना हळूच विचारलं, "आणि अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे शिष्य रविवारी 'आज तिसरा दिवस आहे' म्हणतात, त्याचं काय करायचं, गुरुजी?" मी म्हणालो, ते दमलेले होते, दुःखात होते, सात मैल चालत होते, अशी माणसं कसला हिशेब ठेवतात. हे उत्तर मला तेव्हा बरं वाटलं होतं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मी भर उपासनेत उभा राहून हाच प्रश्न विचारला. मंडळी माझ्याकडे बघायचं सोडून फेतुआओकडे बघायला लागली. ती गायकवृंदात पहिल्या रांगेत होती आणि तिनं गीतपुस्तकात मान घातली ती वर काढली नाही. लोकांचं म्हणणं काय, तर दोन हजार वर्षं सगळं जग शुक्रवार पाळतं, तो वार हलवणारा मालाकी कोण? मी विचारतो, वार हलत नसतो का? आपल्याच देशानं त्या डिसेंबरात तारखेची रेषा ओलांडायला गुरुवारी रात्री झोपून शनिवारी सकाळी उठायचं ठरवलं की नाही? अख्खा शुक्रवार समुद्रात टाकला. व्यापाराला सोयीचं पडतं म्हणून. तेव्हा या गावात एक माणूस उभा राहून बोलला नाही (मीही नाही, तेव्हा मला गाउट नव्हता आणि वाचायला वेळ नव्हता). त्या दिवसापासून तू तिकडे पागो पागोत आमच्या एक दिवस मागे राहतेस, आणि मी तुला रविवारी फोन केला की तू शनिवारचे कपडे धूत असतेस. सरकारसाठी शुक्रवार सोडता येतो आणि प्रभूच्या शब्दासाठी नाही.

माझ्या बाजूला गावातून एकच माणूस आला. आपला बसवाला लाऊतुआ. मी त्याला चांगला ओळखून होतो, तरी अशा वेळी सोबती निवडून घेता येत नाहीत. बुधवारी दुपारी आम्ही दोघांनी माझ्या घरी उपासना केली. मी वधस्तंभाचा वृत्तांत वाचला, लाऊतुआ रडला, आम्ही उपास केला. शेजारपाजारचे लोक रस्त्यावरून वाकून बघत होते, कारण आपल्या घराला खांब आहेत आणि भिंती नाहीत, तुला माहीतच आहे. फेतुआओ दिवसभर महिला समितीच्या चटया विणायला गेली होती. गुरुवारी सकाळी लाऊतुआ आला आणि पायरीवर बसून टोपी फिरवत म्हणाला, "गुरुजी, मी रात्रभर विचार केला. बुधवार नाही वाटत. गुरुवार वाटतोय." मी विचारलं, कशावरून? तर म्हणे गुरुवारची दुपार, शुक्रवार, शनिवार, तीन रात्रीही होतात आणि रविवारही हलवावा लागत नाही, कोणाचंच मन दुखावत नाही. ताई, शुक्रवारवाल्यांचा मला राग आहे, पण तो परक्यांचा राग. लाऊतुआला मी कधी माफ करणार नाही. खरं काय आहे ते हिशेबानं काढायचं असतं, सगळ्यांना बसमध्ये जागा मिळेल असं नाही. (मागाहून कळलं की गुरुवारी तो शहराच्या फेरीची सुट्टी धरतो.) दुसऱ्याही दिवशी उपास करावा लागला म्हणून तो माझ्यावरच रागावून गेला.

शुक्रवारी मी गवत कापलं. यावरूनही गावसभेत बरंच बोललं गेलं. पण माझ्या हिशेबानं शुक्रवार हा दोन शब्बाथांमधला कामाचा दिवस. त्या दिवशी काम केलं नाही, तर मी माझ्याच मताला खोटं पाडतो. मशीन जुनं आहे, त्याला आवाज आहे, हे मी मान्य करतो. दुपारी तीनला चर्चमध्ये सगळे स्तब्ध उभे होते तेव्हाच ते चर्चच्या कुंपणाशी पोचलं, हा योगायोग. गावप्रमुख थोरल्या मताईंनी माणूस पाठवून समज दिली. मी मशीन बंद केलं आणि उरलेलं गवत कोयत्यानं कापलं.

आता शनिवार. ताई, हे नीट वाच, कारण इथून पुढचं तुला सगळ्यांनी उलटं सांगितलेलं असणार.

फेतुआओनं ईस्टरसाठी एक डुक्कर वाढवलं होतं. कोप्रा आणि ताज्या नारळाचा चोथा घालून नऊ महिने. रविवारच्या पहाटेच्या उपासनेनंतर पाळक आणि गायकवृंद आपल्याकडे जेवणार, असा तिचा बेत. पण प्रभू शनिवारी सूर्यास्ताला उठला, तर मेजवानी शनिवारी सूर्यास्ताला, हे उघड आहे. ती दुपारी गाण्याच्या सरावाला गेली (पहाटेच्या उपासनेत बावीस वर्षं तीच एकटीनं पहिलं कडवं गाते, थडग्यावर आलेल्या मरियेचं) आणि मी दगड तापवून उमूची भट्टी लावली. सुजल्या पायानं, एकट्यानं. केळीची पानं मीच आणली. सूर्य पाण्याला टेकायला आला तेव्हा डुक्कर असं भाजलं होतं की साल बोटानं तुटावी. मग मनात आलं की, जगातली सगळ्यात मोठी बातमी, आणि गावात ती फक्त मला ठाऊक आहे. पायरीवर बसून एकट्यानं खायची गोष्ट आहे का ही? मी चर्चच्या अंगणात गेलो, झाडाला टांगलेल्या रिकाम्या गॅसच्या टाकीपाशी, म्हणजे आपल्या घंटेपाशी, आणि लोखंडी दांडा उचलून घंटा वाजवायला लागलो.

घंटेबद्दल मला एवढंच सांगायचं आहे की, आनंद झालेला माणूस थांबत-थांबत ठोके देत नाही. मी भराभर वाजवली. घराघरातून माणसं बाहेर आली. मग पळायला लागली. माझं हृदय भरून आलं. मला वाटलं, शेवटी कळलं यांना. पोरं काखेत मारलेले बाप, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेतलेली माणसं, भिजल्या केसांच्या बायका, सगळे पळत होते. चर्चकडे न येता ते टेकडीच्या वाटेनं मळ्यांकडे का चाललेत, हे मला नीट उमगेना, पण मी म्हटलं, उंचावर जाऊन स्तुती करायची असेल. मी आणखी जोरात वाजवली. लाऊतुआची बस म्हाताऱ्यांनी खचाखच भरून माझ्या समोरून गेली आणि तो खिडकीतून मला "सोडा ते, पळा" असं काहीतरी ओरडला. मी त्याच्याशी बोलत नसल्यामुळे लक्ष दिलं नाही.

आता लोक म्हणतात की, ज्या वर्षी समुद्र गावात शिरला, त्यानंतर नियम झाला आहे की घंटा न थांबता वाजली की लाट येतेय असं समजून टेकडीवर जायचं. चर्चच्या पाटीवर तो लिहिलेला आहे. अक्षर माझं आहे. हे मी नाकारत नाही, ते अक्षर गावात दुसऱ्या कोणाचं नाहीच.

दहा-पंधरा मिनिटांत गाव रिकामं झालं. मी घरी आलो, डुक्कर पानांवर काढलं आणि मंडळी स्तुती आटोपून खाली येतील म्हणून वाट बघत बसलो. एक तुकडा खाल्ला. टेकडीवरून एक आवाज येत होता. लांबून, वाऱ्याबरोबर, कधी मोठा, कधी बारीक, एकाच बाईचा. फेतुआओचा आवाज मी कुठेही ओळखीन. मला वाटलं, ती उद्याच्या कडव्याचा सराव करतेय, आणि मनात असंही आलं की, वरचा सूर आज छान लागलाय.

सगळ्यात आधी एपेनेसा खाली आला. एकटा. गुडघे फुटलेले, लावालावाला चिखल. त्यानं आधी समुद्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग डुकराकडे.

"गुरुजी," तो म्हणाला, "समुद्र कुठे आहे?"

"जिथे असतो तिथे," मी म्हणालो.

"मग घंटा कशासाठी?"

"प्रभू उठला आहे," मी म्हणालो.

तो पायरीवर बसला. लावालावावरचा चिखल खरवडत राहिला. या वाक्याला मंडळीनं काय उत्तर द्यायचं असतं, ते त्याला माहीत आहे, आणि पाळकानं ते टाळायचं नसतं. शेवटी म्हणाला, "खरोखर उठला आहे, गुरुजी. आता वर जाऊन लोकांना सांगा, की खाली यायला हरकत नाही. आणि आधी बाईंना सांगा. त्या दोनदा किनाऱ्याकडे धावल्या तुम्हाला शोधायला. दोन्ही वेळा आम्ही धरून आणलं त्यांना."

मी तो गाउटचा पाय घेऊन टेकडी चढलो. माझ्या पायाबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही, ते जाऊ दे. ती मळ्याच्या कडेला तारोच्या वाफ्यात बसली होती, पाळकबाईंनी तिचे दोन्ही हात धरले होते. मला पाहून तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मला वाटलं, ती रागानं बोलत नाहीये. पाळकबाई म्हणाल्या, "अर्धा तास 'मालाकी, मालाकी' करून हाका मारत होत्या, गुरुजी. घसा गेलाय." ताई, माझ्या बायकोनं अडतीस वर्षांत मला नावानं हाक मारलेली नाही, आणि मारली तेव्हा मी डुक्कर कापत होतो. त्या वर्षी समुद्रानं तिची धाकटी बहीण नेली, तेव्हाही ती अशीच टेकडीवर उभी राहून हाका मारत होती म्हणे. मी त्या वेळी वर्गातल्या पोरांना घेऊन दुसऱ्या वाटेनं वर गेलो होतो, मला ते माहीत नव्हतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला काय झालं होतं?

लोक खाली आले ते भुकेले होते, आणि डुक्कर तयार होतं. शंभर माणसांनी ते उभ्या-उभ्या संपवलं. एपेनेसानं दोनदा घेतलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी गावसभेनं मला दंड काय करावा? एक मोठं डुक्कर. मी उठून म्हणालो, तुम्ही काल खाल्लंत तेच दंडात धरा. थोरले मताई म्हणाले, "ते ईस्टरचं होतं, मालाकी. तूच म्हणालास." यावर मला बोलू दिलं नाही. शिवाय घंटेला मी आयुष्यात पुन्हा हात लावायचा नाही, आणि पुढचं बाक वर्षभर बंद.

पण त्याच्या आधी, रविवारी पहाटे, मी चर्चला गेलो होतो. (कोणी काय म्हणतं ते बघायला. माझ्या हिशेबानं त्या दिवशी विशेष काही नव्हतं.) मागच्या बाकावर बसलो. अजून उजाडायचं होतं. पेटीनं सूर धरला, फेतुआओ आपल्या जागी उभी राहिली, पांढरा पोशाख, पांढरी टोपी. कडव्याची जागा आली. तिनं पुस्तक मिटलं. गायकवृंदातल्या कुणीही ते कडवं उचललं नाही. पेटी एकटीच वाजत राहिली, पुरतं कडवं, आणि सगळी मंडळी ते शब्द नसलेलं कडवं मान खाली घालून ऐकत होती. मी आतापर्यंत बावीस वेळा ते ऐकलंय आणि दर वेळी घड्याळाकडे बघत ऐकलंय. या वेळी ते फार लांबलं.

सोमवारी सकाळी ती उठली, माझ्यासाठी कोको उकळून ठेवला, पिशवी भरली आणि लाऊतुआच्या बसनं विमानतळाकडे गेली. (त्याचीच बस मिळायची होती.) मी विचारलं, कुठे? तिनं पागो पागोच्या दिशेला बोट दाखवलं. मी विचारलं, मी काय चुकीचं मोजलं ते तरी सांग. तिनं पिशवी खांद्याला लावली. तेव्हा आता तूच निवाडा कर. माझी बेरीज बरोबर आहे की नाही? बुधवारपासून शनिवारपर्यंत बहात्तर तास होतात की नाही? मग मी अन्याय सोसत इथे एकटा का बसलोय?

भाऊजींना सलाम, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला नारळाच्या तेलात हळद गरम करून लाव. प्रभू तुला सांभाळो, आणि मला सांभाळायची कोणाला आठवण झाली तर मलाही.

तुझा भाऊ,
मालाकी

ता. क. हे पत्र एपेनेसाच्या हाती पाठवतोय, कारण तो आज दुपारच्या विमानानं तिकडच्या पाळकांच्या सभेला येतोय आणि दुसरं कोणी येत नाही. पाकीट चिकटवलं आहे. चिकटवलेलंच मिळालं का, ते कळव.

दुसरा ता. क. पाकीट मीच पुन्हा उघडलं. एपेनेसा मघाशी पत्र तयार आहे का विचारायला आला आणि जाताना सांगून गेला की, काल पाळकबाईंचं तुझ्याशी बोलणं झालं. फेतुआओ सोमवारी इथून निघून तुझ्याकडे रविवारी उतरली, थेट तुझ्या चर्चला आली, आणि तुमच्या गायकवृंदात शेवटच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवत होती म्हणे. हे तू मला फोनवर का सांगितलं नाहीस? तिला कोणी पाणी तरी दिलं का? तिला गरम पाण्यात लिंबाची पानं घालून लागतात, मध घातलेलं चालत नाही, खोकला येतो. तुला माहीत नसणार. आणि हे तिला वाचून दाखवू नकोस. किंवा हवं तर हे एवढंच दाखव, वरचं रकान्यांचं आणि शब्बाथांचं राहू दे.

तिसरा ता. क. एपेनेसा फाटकाशी थांबलाय, हॉर्न वाजवतोय, म्हणून घाईत. पाळकबाईंना तू असंही म्हणालीस की तिनं पिशवीत तीन दिवसांचे कपडे आणलेत आणि तीन दिवसांनी बघू, असं कागदावर लिहून दिलंय. ताई, सोमवारी ती निघाली तो सोमवारचा तुकडा एक. मंगळवार दोन. आज बुधवार उजाडलाय, सकाळ सरलीसुद्धा, तो तुकडा तीन. एस्तेर राणीनंही असंच मोजलं होतं, आणि त्या अम्माऊसवाल्यांनीही. संध्याकाळचं विमान तुमच्याकडून पाचला सुटतं (तुमच्या मंगळवारी, म्हणजे आमच्या आजच), लाऊतुआला मी स्वतः जाऊन विमानतळावर उभा राहायला सांगितलंय. डुक्कर नाही, पण तारो उकडून ठेवतो. दोन रात्री झाल्या आहेत. तिसरी मोजायची माझी इच्छा नाही.